एकच राजा, दोन बिशप : बेकेटचा खून झाला आणि ह्यूने त्याच राजाला हसवलं. असं कसं?

ताम्हण
गेले दोन महिने बाराव्या शतकातल्या इंग्लंडबद्दल वाचतेय आणि एका माणसापाशी येऊन अडकले आहे. इथे इतिहास वाचणारे बरेच जण आहेत, म्हणून धागा काढतेय.

थॉमस बेकेटची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. राजा दुसऱ्या हेन्रीचा जिवलग मित्र आणि चॅन्सेलर, म्हणजे राज्याचा मुख्य चिटणीस. राजानेच त्याला ११६२ साली कँटरबरीचा आर्चबिशप, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख केलं. मग दोघांचं बिनसलं. बेकेट सहा वर्षं फ्रान्समध्ये परागंदा होता. परत आला आणि महिन्याभरात, २९ डिसेंबर ११७० ला, राजाच्या चार सरदारांनी त्याला त्याच्याच कॅथेड्रलमध्ये (बिशपच्या मुख्य चर्चमध्ये) तलवारींनी मारलं.

त्यानंतर सोळा वर्षांनी, हाच हेन्री गादीवर असताना, ह्यू नावाचा एक फ्रेंच संन्यासी लिंकनचा बिशप झाला. आल्या आल्या त्याने दोन गोष्टी केल्या. राजाच्या मुख्य वनाधिकाऱ्याला, राजाला न विचारता, धर्मबहिष्कृत केलं. आणि राजाने एका दरबाऱ्यासाठी कॅथेड्रलची एक उत्पन्नाची जागा मागितली तेव्हा सरळ कळवलं, की ही जागा चर्चची सेवा करणाऱ्यांसाठी आहे, दरबाऱ्यांना द्यायला राजाकडे दुसरं पुष्कळ आहे.

हेन्री भडकला आणि त्याने ह्यूला वुडस्टॉकला बोलावून घेतलं. तो येतोय कळल्यावर राजा रानात जाऊन बसला. दरबाऱ्यांना भोवती गोल बसवलं आणि ताकीद दिली, की कुणी उठायचं नाही, कुणी रामराम करायचा नाही. ह्यू आला. कुणी ओळख दाखवेना. त्याने राजाशेजारच्या सरदाराच्या खांद्यावर हात ठेवून त्याला जरा सरकवलं आणि राजाला लागून बसला. सगळे चिडीचूप. शेवटी राजाने सुईदोरा मागवला आणि डाव्या हाताच्या दुखऱ्या बोटाला बांधलेली पट्टी शिवत बसला. ह्यूने थोडा वेळ बघितलं आणि म्हणाला, ‘आत्ता तुम्ही अगदी तुमच्या फालेजच्या नातेवाइकांसारखे दिसता.’

राजा हसता हसता आडवा झाला. मग त्यानेच दरबाऱ्यांना उलगडून सांगितलं : माझे पणजोबा, इंग्लंड जिंकणारा विल्यम, यांची आई फालेज गावची, साध्या घरातली, लग्नाची नव्हे. आणि फालेज चामड्याच्या कामासाठी प्रसिद्ध. मी असा शिवत बसलोय म्हणून हा मला चांभारांचा नातेवाईक म्हणतोय.

राजा हसला आणि तंटा मिटला. वनाधिकाऱ्याने प्रायश्चित्त घेतलं.

माझा प्रश्न एवढाच : राजा तोच, चर्च तेच, भांडण त्याच जातीचं. मग एकाचं रक्त फरशीवर सांडलं आणि दुसऱ्याने राजाच्या कुळावर बोट ठेवूनही मर्जी मिळवली, हे कशामुळे?

घाटवाट
मोठ्यांदा हसलो, घरातले सगळे बघायला लागले. पुढचं वाचायला बसलोय.

पक्षकार
लेख छान, पण ‘भांडण त्याच जातीचं’ हे मला मान्य नाही. बेकेटचं भांडण कायद्याचं होतं. जानेवारी ११६४ मध्ये हेन्रीने क्लॅरेंडनला सोळा कलमं लेखी मांडली. खून-दरोडा केलेल्या पाद्र्याला शिक्षा कुणी द्यायची, रोमला अपील करायचं तर राजाची परवानगी लागेल का, असे राज्य हलवणारे प्रश्न होते. तिथे दोघांपैकी कुणीही माघार घेतली असती तरी ती कायमची ठरली असती. ह्यूच्या बाबतीत एक वनाधिकारी आणि एक जागा. एवढ्यासाठी राजा कुणाचा जीव घेत नाही.

दुसरं म्हणजे काळ. ११७४ च्या जुलैमध्ये हेन्री कँटरबरीत अनवाणी चालत गेला आणि मठवासीयांच्या हातून पाठीवर फटके खाल्ले. बेकेट तोवर संत जाहीर झाला होता. दुधाने तोंड पोळलेला राजा होता हो तो, ताक फुंकून पिणारच. ह्यू योग्य वेळी आला, इतकंच.

शेवंती
+१ पक्षकार. बेकेटच्या खुनाने पुढच्या सगळ्या बिशपांना कवच मिळालं.

ताम्हण
पक्षकार, काळाचा मुद्दा अर्धा पटतो. अर्धाच, कारण हेन्रीनंतर त्याची मुलं राजे झाली, तेव्हा ह्यूने रिचर्डलाही अडवलं आणि जॉनलाही सुनावलं. त्या दोघांचं तोंड कुठे पोळलं होतं?

मला वेगळंच दिसतं. बेकेट राजाच्या सेवेत मोठा झालेला, राजाचं मीठ खाल्लेला. त्याने पाठ फिरवली तेव्हा हेन्रीला दगा झाल्यासारखं वाटलं. ह्यूने राजाकडून स्वतःसाठी कधी काही घेतलंच नाही. तो लिंकनला यायच्या आधीची, विटमची गोष्ट सांगते.

ह्यूचा जन्म ११४० च्या सुमाराचा, ग्रनोब्लजवळच्या आव्हालाँचा. आठ वर्षांचा असताना आई गेली. वडील सरदार, ते मुलाला घेऊन मठात राहायला गेले. तरुणपणी ह्यू डोंगरातल्या ग्रांद शार्त्रूजला पोचला. कार्थुसियन पंथाचं ते मूळ ठिकाण. प्रत्येकाची वेगळी खोली, मौन, अंगाला टोचणारा केसाळ सदरा, मांस आयुष्यभर वर्ज्य. तो तिथे रमला.

इकडे बेकेटच्या खुनाचं प्रायश्चित्त म्हणून हेन्रीने सॉमरसेटमधल्या विटमला या पंथाचा इंग्लंडमधला पहिला मठ काढला. पहिले दोन प्रमुख टिकले नाहीत. तिसरा ह्यू. आल्यावर त्याने पाहिलं, की मठासाठी दिलेल्या जमिनीवर माणसं राहतात आणि त्यांना हटवायचं आहे. त्याने राजाला सांगितलं, यांच्या शेवटच्या पेनीची भरपाई होईपर्यंत मी ही जागा घेणार नाही. गावकऱ्यांनी निवडायचं : राजाच्या दुसऱ्या गावात घरजमीन, नाहीतर वेठबिगारीतून मुक्ती. राजाने घरांचेही पैसे मोजले. मग ह्यू म्हणाला, आता ती रिकामी घरं मला द्या. राजाने दिली. ह्यूने ती त्याच गावकऱ्यांना परत केली, लाकूडफाटा विकून चार पैसे करा म्हणून.

दगडफूल
ताम्हण, शेवटचा परिच्छेद तीनदा वाचला.

माझं आजोळ धरणात गेलं. आजोबांनी घराच्या तुळया आणि दाराची चौकट उतरवून बैलगाडीत घातली होती. ती चौकट नव्या घराला बसली नाही, अजून मामाच्या गोठ्यात उभी आहे. मोबदल्याचा शेवटचा हप्ता आला तेव्हा आजोबा नव्हते. आठशे वर्षांपूर्वीच्या एका संन्याशाला विस्थापितांच्या घराच्या लाकडाची किंमत कळत होती, हे वाचून पोटात कालवलं.

तुमच्या प्रश्नाचं हे उत्तर नाही, पण लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

नायगाव_खाडी
आम्ही वसईकडचे कॅथलिक. आमच्याकडे बिशपांना महागुरुस्वामी म्हणतात, त्यांच्या हद्दीला धर्मप्रांत. ह्यूचा लिंकन धर्मप्रांत हंबर नदीपासून थेम्सपर्यंत पसरलेला, इंग्लंडमधला सर्वांत मोठा. एवढ्या मुलखात तो सतत घोड्यावर फिरत असे.

लहानपणी चर्चमध्ये आमचा दृढीकरण संस्कार झाला. महागुरुस्वामी कपाळाला अंगठ्याने तेल लावतात. तो अंगठ्याचा गार स्पर्श आणि तेलाचा वास मला अजून आठवतो. त्या काळी घाईतले बिशप हा संस्कार घोड्यावर बसल्या बसल्या उरकायचे. खाली मुलं रडतायत, घोडे उधळतायत आणि वरून हात लावून पुढे. ह्यू मात्र कितीही थकलेला असला तरी प्रत्येक वेळी खाली उतरायचा. मुलांना जवळ घेऊन, एकेकाला नीट.

महारोग्यांचे तो पाय धुवायचा, त्यांच्या चेहऱ्याचं चुंबन घ्यायचा. कॅथेड्रलचे चॅन्सेलर विल्यम यांनी त्याला टोकलं, की संत मार्टिनच्या चुंबनाने महारोगी बरा झाला होता. म्हणजे तुमच्या चुंबनाने तर कुणी बरं होत नाही. ह्यू म्हणाला, मार्टिनच्या चुंबनाने रोग्याचं शरीर बरं झालं, रोग्याच्या चुंबनाने माझा आत्मा बरा होतो.

शेवंती
बापरे, काय उत्तर आहे!

घाटवाट
एका पुस्तकाच्या मुखपृष्ठावर बिशपसोबत एक हंस पाहिल्याचं आठवतं. तो याच ह्यूचा का?

लिंकनची_पाऊलवाट
हो, याचाच. मी गेली नऊ वर्षं लिंकनमध्ये राहते, तेव्हा हे उत्तर माझं.

लिंकनजवळच्या स्टो गावात बिशपचा वाडा होता. ह्यू गादीवर बसला त्याच सुमाराला तिथल्या तळ्यात एक भलामोठा रानहंस आला आणि तिथल्या जुन्या हंसांवर तो तुटून पडला. कुणाला जवळ येऊ देईना. ह्यूच्या हातून मात्र भाकरी खायचा आणि डोकं त्याच्या रुंद बाहीत पार आतपर्यंत खुपसून बसायचा. ह्यू झोपला की राखण करायचा, जवळ येणाऱ्याच्या अंगावर धावून जायचा. म्हणून चित्रात ह्यूच्या पायाशी हंस असतो.

गावातून कॅथेड्रलकडे जाणाऱ्या रस्त्याचं नावच स्टीप हिल आहे आणि तो नावाप्रमाणेच छातीवर येतो. आई इथे आली होती तेव्हा चार ठिकाणी टेकत वर चढली. कॅथेड्रल ११८५ च्या भूकंपात फुटलं होतं. ११९२ पासून ह्यूने ते पुन्हा उभारायला घेतलं आणि डोक्या-खांद्यावरून दगड-चुन्याची पाटी स्वतः वाहिली. त्याने बांधलेल्या भागात उभं राहून छताकडे बघा : कमानींच्या फासळ्या समोरासमोर जुळतच नाहीत, एक इकडे झुकते, एक तिकडे. आई म्हणाली, अगं रांगोळीचा ठिपका चुकलाय. पण थोडा वेळ बघत राहिलं की सगळं छत चालतंय असं वाटतं.

पश्चिमेच्या दर्शनी भिंतीवर दोन टोकदार कळस आहेत. एकावर ह्यूचा पुतळा. दुसऱ्यावर तेवढ्याच उंचीवर स्टोचा एक डुकरं राखणारा, शिंग फुंकताना. त्याने आयुष्यभराची शिल्लक बांधकामाला दिली अशी गावात आख्यायिका आहे. बिशपच्या बरोबरीला गुराखी, हे मला फार आवडतं.

मोरपिसारा
जरा वेगळा सूर लावते. ह्यू म्हणजे लिंकनचा तोच ना, ज्याच्या नावाने ज्यूंना फाशी दिलं? शिवाय हे सगळं लिहिलंय कुणी? भक्तानेच ना?

ताम्हण
नाही हो, तो वेगळा. ही गल्लत नेहमी होते म्हणून सविस्तर लिहिते. १२५५ साली लिंकनमध्ये ह्यू नावाचा एक लहान मुलगा मेलेला सापडला. ज्यूंनी त्याचा बळी दिला अशी खोटी आवई उठली आणि तिसऱ्या हेन्रीने १९ ज्यूंना फाशी दिलं. त्या मुलाचंही कॅथेड्रलमध्ये स्मारक झालं. तिथे १९५५ साली चर्चने, ही कहाणी खोटी होती आणि तिने निरपराधांचे जीव घेतले, अशा अर्थाची पाटी लावली.

बिशप ह्यू त्याच्या आधीचा, आणि त्याचं वागणं नेमकं उलटं. ११९० मध्ये इंग्लंडभर ज्यूंवर हल्ले झाले तेव्हा लिंकनला तो हत्यारबंद जमावासमोर जाऊन उभा राहिला. नॉर्दॅम्प्टनला तर आणखी कठीण प्रसंग होता. ज्यूंना लुटणारा जॉन नावाचा एक जण तिथे त्या लुटीसाठी मारला गेला आणि लोक त्याला हुतात्मा ठरवून थडग्याची पूजा करू लागले. ह्यूने जाऊन ती पूजा मोडून काढली, गाव अंगावर आलं तरी. ह्यू वारला तेव्हा लिंकनचे ज्यू अंत्ययात्रेत रडत होते.

लिहिणाऱ्याबद्दल : मुख्य चरित्र ॲडम ऑफ एन्शमचं. तो ह्यूचा चॅपलेन (खासगी पाद्री), शेवटची तीन वर्षं सतत सोबत. भक्त होताच. पण त्याने ह्यूचा तापट स्वभावही लपवला नाही. आणि हंसाबद्दल त्याच काळातला लेखक, वेल्सच्या जेराल्डनेही स्वतंत्रपणे लिहिलंय.

मोरपिसारा
चूक दुरुस्त केल्याबद्दल आभार. पण मग रोझमंडचं काय? हेन्रीची ती प्रेयसी गॉडस्टोच्या जोगिणींच्या मठात पुरलेली होती, वेदीच्या समोर. राजाने मठाला देणग्या दिलेल्या, जोगिणी थडग्यावर रेशमी वस्त्र आणि दिवे लावायच्या. ११९१ मध्ये ह्यू तिथे गेला, कुणाचं थडगं म्हणून विचारलं, आणि तिला बाहेर काढून इतरांसोबत पुरा असं फर्मान काढलं, बायकांना धाक बसावा म्हणून. राजा जिवंत असताना ह्यू कधी असं बोलला? राजा ११८९ ला वारला, मग मेलेल्या बाईवर जोर. महारोग्याचं चुंबन घेणाऱ्याच्या मनात तिच्यासाठी जागा नव्हती. मला हे खुपतं आणि खुपत राहील.

नायगाव_खाडी
मलाही खुपतं. श्रद्धेने वाचणाऱ्याला तर जास्तच.

दगडफूल
मोरपिसारा, तुमच्या बाजूने. पाप दोघांचं, शिक्षा एकटीच्या थडग्याला.

ताम्हण
याला माझ्याकडे उत्तर नाही. त्या काळच्या चर्चची नजर तशी होती हे खरं, पण विटमच्या वेठबिगारांबाबत हाच माणूस आपल्या काळाच्या कितीतरी पुढे गेला होता. इथे गेला नाही. फक्त एक सांगते : राजांना त्याने या बाबतीत सोडलं नाही. रिचर्डला त्याने तोंडावर सांगितलं, की तू बायकोशी एकनिष्ठ नाहीस असं लोक बोलतात.

घाटवाट
रिचर्ड म्हणजे सिंहहृदयी रिचर्ड? त्याला तोंडावर? सांगा की सविस्तर.

पक्षकार
हे मी सांगतो, कारण यात कायदा आहे आणि यामुळे माझं मत थोडं हललं.

डिसेंबर ११९७, ऑक्सफर्डची सभा. रिचर्ड नॉर्मंडीत लढतोय. आर्चबिशप ह्यूबर्ट वॉल्टर हाच राज्याचा कारभारीही. त्याने मागणी ठेवली, की सरदार आणि बिशपांनी मिळून वर्षभरासाठी ३०० घोडेस्वार पुरवायचे, राजासाठी समुद्रापलीकडे लढायला. ह्यू उठून म्हणाला, लिंकनचं चर्च राजाला लष्करी सेवा देणं लागतं, पण इंग्लंडच्या आत. बाहेर नाही. हा पायंडा पाडण्यापेक्षा मी माझ्या देशी जाऊन पुन्हा मठात राहीन. सॉल्झबरीच्या बिशपनेही मग नकार दिला. सभा मोडली.

रिचर्डने दोघांची मालमत्ता जप्त करायचा हुकूम सोडला. सॉल्झबरीची झाली. लिंकनची जप्त करायला कुणी हात लावेना, ह्यूचा बहिष्कार अंगावर घ्यायची कुणाची छाती होईना. शेवटी ऑगस्ट ११९८ मध्ये ह्यू स्वतः नॉर्मंडीत गेला. राजा शातो गायार किल्ल्याच्या चॅपेलमध्ये मिस्सा (चर्चची उपासना) ऐकत होता. ह्यूने नमस्कार केला, राजाने तोंड फिरवलं. ह्यू म्हणाला, ‘मला चुंबन द्या.’ (तेव्हाची अभिवादनाची रीत ती.) राजाने आणखी तोंड फिरवलं. ह्यूने त्याचा अंगरखा छातीशी मुठीत धरला आणि गदागदा हलवला : माझा हक्क आहे, मी लांबून आलोय. ‘तुझी लायकी नाही’, राजा म्हणाला. ‘आहे’, ह्यू म्हणाला आणि आणखी जोरात हलवलं. राजाला हसू फुटलं आणि त्याने चुंबन दिलं. नंतर बाजूला बसवून ह्यूने त्याला बायकोचं विचारलं, आणि चर्चच्या जागा पैशासाठी किंवा मर्जीतल्यांना देतोस असंही सुनावलं.

तर माझी दुरुस्ती. मी म्हणालो होतो ह्यूचं भांडण लहान होतं. ऑक्सफर्डचं लहान नव्हतं, तो थेट राजाच्या हक्काचा प्रश्न होता. आणि ह्यूचा पाया पहिल्यापासून पक्का होता, हे मी विसरलो. ११८६ मध्ये राजाच्या इच्छेने एन्शमला त्याची निवड झाली तेव्हा त्याने ती मानलीच नाही. निवड लिंकनच्या कॅननांनी (कॅथेड्रलच्या पाद्र्यांनी), त्यांच्या स्वतःच्या सभागृहात, मोकळेपणाने केली पाहिजे, आणि माझ्या शार्त्रूजच्या प्रमुखांनी परवानगी दिली पाहिजे, म्हणाला. दोन्ही झाल्यावरच आला. राजाचं देणं म्हणून त्याच्या डोक्यावर काहीच उरलं नाही. लिंकनला याची केवढी गरज होती बघा. ११६६ पासून जवळजवळ वीस वर्षं तिथे धड बिशपच नव्हता. मध्ये राजाचा अनौरस मुलगा जेफ्री नऊ वर्षं ‘निवडलेला’ म्हणून बसला, दीक्षा न घेता. आणि तेव्हा बिशपची जागा रिकामी असली की उत्पन्न राजाच्या खजिन्यात जायचं.

शेवंती
म्हणजे जागा रिकामी ठेवण्यात राजाचाच फायदा! हे माहीत नव्हतं.

लिंकनची_पाऊलवाट
पदग्रहणाच्या दिवशी तो अनवाणी चालत कॅथेड्रलला गेला. कँटरबरीच्या आर्चडीकनने (आर्चबिशपच्या हाताखालचा अधिकारी) गादीवर बसवण्याची नेहमीची दक्षिणा मागितली, तर म्हणाला, बिशपच्या मुकुटासाठी जेवढं दिलं तेवढंच गादीसाठी देईन. मुकुटासाठी त्याने काहीच दिलं नव्हतं.

घाटवाट
आणि जॉन राहिला.

ताम्हण
रिचर्ड एप्रिल ११९९ मध्ये वारला. रस्ते लुटारूंनी भरलेले असताना ह्यू फ्रान्समधल्या फाँतव्ह्रोच्या मठात त्याच्या दफनाला पोचला. तिथे त्याने जॉनला चर्चच्या दारावर कोरलेला अंतिम न्याय दाखवला आणि नरकात ढकलले जाणारे मुकुटधारी राजे बोटाने दाखवले. जॉनने त्याला दुसऱ्या बाजूला ओढत नेऊन स्वर्गात चाललेले राजे दाखवले, मी यांच्यासारखा होणार म्हणून. ईस्टरला जॉन अर्पणाची सोन्याची नाणी हातात खुळखुळवत उभा राहिला, देईचना. ह्यूने ती हातात घेतली नाहीत, ताटात टाक आणि जा म्हणाला. प्रवचन चाललं असताना जॉनने तीनदा निरोप पाठवला, आटपा, भूक लागली आहे. ह्यू बोलत राहिला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

इथे राजा हसला नाही, बदललाही नाही. म्हणजे राजाला हसवता आलं म्हणून ह्यू तरला, हे माझं मूळचं गृहीतक जॉनपाशी अडतं. पक्षकार, तुम्ही मघाशी लिहिलेलं एक वाक्य मला जास्त जवळचं वाटायला लागलंय : ‘पुन्हा मठात राहीन.’ तो दरवर्षी विटमला जाऊन महिनाभर त्या खोलीत राहायचा. बिशपची गादी गेली तर आपण कुठे जाऊ हे त्याला पक्कं माहीत होतं, आणि ती जागा त्याला जास्त आवडत होती. बेकेटकडे अशी खोली नव्हती. शिवाय ह्यू दरवेळी स्वतः राजासमोर गेला, जवळ बसला, अंगरखा धरला. बेकेट आणि हेन्री त्या सहा वर्षांत मोजक्याच वेळा समोरासमोर आले, एरवी मध्ये पत्रं नेणारे लोक होते. पत्रात कुणी सुईदोरा बघून चेष्टा करू शकत नाही.

पक्षकार
हे मान्य. वकिलीत रोज बघतो. दोन भाऊ नोटिशींवर नोटिशी पाठवत राहतात, आणि कोर्टाच्या आवारात चुकून एका बाकावर बसले की तडजोडीचं बोलणं निघतं. तरी बेकेटवर अन्याय नको. तोही शेवटी स्वतःच परत आला होता.

नायगाव_खाडी
ह्यूचा शेवट कसा झाला?

ताम्हण
१२०० साली तो एकदा शार्त्रूजला जाऊन आला. परतल्यावर लंडनमध्ये, होलबर्नच्या मुक्कामी, आजारी पडला. १६ नोव्हेंबरला, त्याच्याच सांगण्यावरून, जमिनीवर राखेचा क्रूस काढून त्यावर त्याला निजवलं. तिथेच गेला. देह लिंकनला आणला तेव्हा जॉन आणि स्कॉटलंडचा राजा विल्यम दोघेही तिथे होते. जॉनने चिखलातून तिरडीला खांदा दिला. विल्यम बाजूला उभा राहून रडत होता. १२२० साली पोपने संत जाहीर केलं, कार्थुसियनांमधला पहिला.

लिंकनची_पाऊलवाट
१७ नोव्हेंबर त्याचा सण. यंदा कामावरून लवकर निघून संध्याकाळच्या प्रार्थनेला जाणार आहे. आतल्या बाजूला त्याच्या समाधीची जागा आहे, तिथे मेणबत्ती लावते.

नायगाव_खाडी
एक आमच्या घरची लावा, लिंकनताई.

दगडफूल
आणि जमलं तर एक माझ्या आजोबांची.

मोरपिसारा
एक रोझमंडचीही लावाल का?

लिंकनची_पाऊलवाट
तिन्ही लावते.